होनोरातोची ओळ

सिग्नल हिरवा झाला आणि सातुरियोला कळेना, डावीकडे वळायचं की उजवीकडे.

एवढंच झालं. तो कुठं आदळला नाही, पडला नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मार्च महिन्यातली संध्याकाळ, वायादोलिद शहरातला तो नेहमीचा चौक, कामावरून घरी जायची सव्वीस वर्षांची वाट. एक पाय जमिनीला टेकवून तो सायकलवर उभा होता आणि समोरचे दोन्ही रस्ते त्याला सारखेच परके वाटत होते. दुकानांवरच्या पाट्या वाचता येत होत्या. औषधाच्या दुकानावरचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता. फक्त आपलं घर यातल्या कुठल्या बाजूला, हे त्याच्या डोक्यातून कुणी तरी अलगद उचलून नेलं होतं. मागून बसवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा तो घाबरून कुठं तरी वळला, आणि वळला तो बरोबरच वळला. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचा मामला. घरी चारोनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मसुराची आमटी वाढली आणि आज गप्पसा का म्हणून विचारलं. तो म्हणाला, एका जुन्या लिफ्टचा दोर बदलायचा आहे, त्याचा विचार करतोय. दोर खरोखरच बदलायचा होता, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं.

सातुरियोला सगळे सातुर म्हणत. वय एकसष्ट. चौतीस वर्षं त्यानं लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या आणि शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्याला नुसत्या आवाजावरून ओळखता यायच्या. अशा माणसाच्या भरवशावर आयाबाया आपल्या पोरांना घेऊन सात-सात मजले वर जातात. एक नट पिळायचा राहिला तर काय होईल, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून पुरुषमाणूस अशा वेळी जे करतो तेच त्यानं केलं. कुणालाही काही सांगितलं नाही. नव्या सुनेवर सासूनं ठेवावी तशी स्वतःवर नजर ठेवली मात्र. किल्ल्या कुठं ठेवल्या, गॅस बंद केला का, कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या थोरल्या मुलीचं नाव काय. एकदा हातातल्या पान्याचं नाव सुचेना आणि हाताखालच्या माणसाला तो "ते दे रे, ते" म्हणाला. पण "ते दे" कोण म्हणत नाही? अख्खं जग "ते दे" म्हणतं. डॉक्टरकडे जायचं तर चारोला सांगावं लागणार, चारोला सांगितलं की लेकीला कळणार, आणि मग कंपनीला. शिवाय आपल्या घराण्यात असलं काही नाही, हा एक मोठा आधार होता. वडील, होनोरातो, शहाऐंशीव्या वर्षी छातीत कफ होऊन गेले, पण शेवटच्या हिवाळ्यापर्यंत बागेची छाटणी त्यांनी स्वतःच्या हातानं केली. खाण तशी माती म्हणतात, आणि खाण तर खणखणीत होती. रात्री कूस बदलताना सातुर हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे.

ती बाग दुएरो नदीच्या काठी, सोरियाकडच्या अंगाला, कान्तारोया गावाच्या उतारावर होती. वडील गेल्यापासून नऊ वर्षं शेजारचा बाउदिलियो ती करत होता आणि त्याबद्दल दर वर्षी वाइनचे काही बुधले घरी पोचवत होता. पण एक ओळ सातुरची. मे महिन्यात वेलींना नको तिथं फुटवे येतात, खोडातून, जुन्या गाठीतून. ते अंगठ्यानं खुडून टाकले नाहीत तर सगळा रस त्यातच जातो आणि घडाला काही उरत नाही. त्या एका ओळीचे वांझ फुटवे आपल्या हातानं काढायचे, हा त्याचा नेम होता. दर वर्षी तो आणि त्याचे तीन मित्र सायकली घेऊन येत, नदीकाठच्या सपाट वाटेनं बागेशी जात, मित्र झाडाखाली लोळत, तो ओळ करी, आणि मग वरच्या माळानं सगळे परत फिरत. यंदा त्यानं ठरवलं, एकट्यानं जायचं. फोन बंद, नकाशा नाही. आणि वाटही उलटी धरायची, म्हणजे माळावरून जाऊन वरून बागेत उतरायचं. पुलाच्या गावापासून बागेपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर, त्यात चकवणारे तीन फाटे. तिन्ही बरोबर घेतले आणि ओळ करून संध्याकाळच्या बसला परत आलो, तर मार्चमधलं ते नुसतं थकव्यानं झालं, विषय मिटला. एक जरी फाटा चुकला तर रविवारी चारोला सगळं सांगून टाकायचं. पैज स्वतःशीच होती, त्यामुळे तिला साक्षीदार नको होता. चारोला त्यानं सांगितलं, मित्रांबरोबर जातोय. वेन्सेसला, म्हणजे त्या तिघांतल्या सगळ्यात वाचाळ माणसाला, सांगितलं की चारोच्या बहिणीकडे जायचंय. वेन्सेस म्हणाला, मेव्हणीकडे जाणाऱ्या माणसाचा आवाज इतका खुश नसतो.

शनिवारी सकाळी बसच्या पोटातून सायकल काढून तो पुलावर आला तेव्हा नदीवर अजून वाफ होती. पॉप्लरच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता आणि पाण्यावर, वाटेवर, त्याच्या बाहीवर येऊन बसत होता. राईत कुठं तरी हळद्या ओरडत होता. पहिली पाच मिनिटं त्याचं लक्ष स्वतःच्याच डोक्याकडे होतं, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं. मग वाट अरुंद झाली, मुळं वर आलेली, ओली, आणि डोकं गेलं खड्ड्यात, पुढचं चाक सांभाळायची पाळी आली. मुळावर चाक तिरकं पडलं की घसरलंच म्हणून समजा, ते सरळ न्यायचं, ब्रेकला हात लावायचा नाही. हे हातांना ठाऊक होतं. मोडक्या गिरणीपाशी पहिला फाटा आला. एक वाट नदीकाठानं पुढं, एक बंधाऱ्यावरून पलीकडे. तो थांबलासुद्धा नाही. सायकल खांद्यावर घेऊन बंधाऱ्यावरून चालत निघाला, बुटात पाणी शिरलं, थंडगार, आणि त्याला हसू आलं. लहानपणी याच बंधाऱ्यावर त्याचा एक बूट वाहून गेला होता. आईनं दुसराही नदीत फेकला होता, म्हणाली, ज्याला सापडेल त्याला निदान जोडी तरी मिळू दे.

पलीकडे घळ चढत जाते. वाळलेल्या ओढ्याचा गोल गोट्यांचा तळ, दोन्ही बाजूंना सबिनाची झाडं, आणि त्यांचा तो वास, पेन्सिलीला टोक करताना येतो तसा. सगळ्यात हलक्या गिअरवर तो गोगलगायीच्या चालीनं चढत राहिला. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून हँडलवर. कड्यावर गिधाडं ऊन खात बसली होती. त्यातल्या एकानं त्याच्याकडे जरा जास्तच आस्थेनं पाहिलं. अजून वेळ आहे बाबा, तो मोठ्यानं म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. चढावर विचार येतात ते श्वासागणिक तुकड्यातुकड्यांनी येतात. तिसऱ्या मजल्याची लिफ्ट. लेकीच्या लग्नातला तो पाऊस. वडील एकदाच त्याच्या सायकलवर बसले होते, सत्तरी उलटल्यावर, गावच्या चौकात. दोन वेढे मारून उतरले आणि म्हणाले, खेचर बरं, त्याला घर माहीत असतं. सगळा चौक हसला होता. मेंढ्यांच्या पडक्या वाड्यापाशी दुसरा फाटा होता. इथं गेल्या वर्षी वेन्सेस चुकला होता आणि त्याबद्दल त्याला वर्षभर टोमणे खावे लागले होते. सातुर डावीकडे वळला, शंभर पावलांवर दगडातलं पाण्याचं कुंड दिसलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं बाटली भरून घेतली.

माळावर वारा होता. गुडघाभर बार्लीचं हिरवं रान वाऱ्यानं एका बाजूला लवत होतं, कडेला खसखशीची लाल फुलं, आणि आभाळ एवढं मोठं की माणसाला उगीच वाकून चालावंसं वाटावं. खरी परीक्षा इथंच. ट्रॅक्टरच्या चार वाटा एका जागी येतात, चारही सारख्याच पांढऱ्या, आणि कुठं झाड नाही की घर नाही. तो चौरस्त्यावर आला आणि मुद्दाम थांबला. पाय टेकवला. मार्चमध्ये टेकवला होता तसाच. वाट बघितली, ते परकेपण येतंय का. छातीत ठोके पडत होते, पण ते चढाचे असतील. आलं नाही. उन्हाची दिशा, वाऱ्याची दिशा, दूरवर देवळाच्या मनोऱ्याचं टोक, सगळं आपापल्या जागी होतं आणि त्यातून तिसरी वाट आपोआप वेगळी निघून आली. तो सायकलवर बसला आणि पोरासारखा दामटत सुटला. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी उचलला होता. थकवा होता तो, दुसरं काय. चौतीस वर्षं काम केल्यावर माणूस थकणार नाही तर काय होणार.

मग उतार. कडा फोडून वाट सोळा वळणं घेत खाली जाते, एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. बूड मागे, कोपर वाकलेले, नजर चाकापुढं नाही तर पुढच्या वळणावर. ब्रेकवर एकेकच बोट. शॉकअप खडखडत होते, दात वाजत होते, आणि मन इतकं रिकामं की त्यात कशाचीच भीती मावली नसती. सोळावं वळण संपलं आणि बाग समोर आली. आमच्याकडच्या जुन्या बागांना मांडव नसतो, तारा नसतात. वेल आपल्याच खोडावर गुडघाभर उभा, जाडजूड, पिळवटलेला, शंभर वर्षांचा म्हातारा. कुंपणही नाही. तुझी बाग कुठं संपते आणि माझी कुठं सुरू होते, हे बांधावरच्या एका बिहीच्या झाडानं ठरतं, आणि ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. सातुरनं झाडाशी सायकल आडवी टाकली, नेहमीसारखा डावीकडच्या बागेत शिरला, मधली ओळ धरली आणि बसला. पावातलं बटाट्याचं ऑम्लेट निम्मं खाल्लं. माती ऊबदार होती. अकरा वाजत होते. पैज तो जिंकला होता.

ओळीत काम करायला त्याला वाकावं लागे, पण ते वाकणं सुखाचं होतं. कोवळा फुटवा अंगठ्यानं खाली दाबला की टचकन निघतो, हाताला चिकट हिरवा रस लागतो. दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. चार-पाच वेल झाले असतील, तेवढ्यात खालच्या वाटेनं बाउदिलियो आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, खांद्यावर कुदळ, डोक्यावर कुठल्या तरी खताच्या कंपनीची टोपी. त्यानं सायकलीकडे बघून घेतलं आणि म्हणाला, या वयात लोक खुर्चीवर बसतात. चारोची चौकशी केली. यंदा बर्फ पडला नाही म्हणून फुटवे लवकर आले, हे सांगितलं. मग तो बोलायचा थांबला आणि नुसता उभा राहिला, सातुरच्या हातांकडे बघत, जरा जास्तच वेळ. "छान चाललंय," तो म्हणाला, "चालू दे." आणि बिहीच्या झाडापलीकडे जाऊन तिकडच्या बागेत एक ओळ धरून तोही फुटवे काढू लागला.

दोन-तीन वेल झाल्यावर सातुरच्या लक्षात आलं की म्हातारा कसा काम करतोय. कडेची ओळ न धरता त्यानं बरोबर मधली धरली होती. आपल्या स्वतःच्या बागेत असा मधूनच कोण सुरू करतो? सातुरला वाईट वाटलं. बाउदिलियोही थकला म्हणायचा. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काही थोडं नाही. हातानं कामं करत राहतात ही माणसं, पण आतून काही तरी निसटत जातं आणि घरात कुणी लक्ष देत नाही. बोलायचं नाही, त्यानं ठरवलं, म्हाताऱ्याला उगीच ओशाळं कशाला करा. या विचारानं त्याला स्वतःबद्दल बरंसुद्धा वाटलं. असा दयाळू होऊन तो ओळीच्या टोकाला पोचला. टोकाला पांढऱ्या द्राक्षाचा एकुलता एक वेल असतो. सगळ्या काळ्या बागेत तेवढाच, वडिलांनी आईसाठी लावलेला, कारण तिला काळी द्राक्षं आंबट लागायची. त्याची पानं फिकी, लवदार, लांबूनही ओळखू येतात. सातुर टोकाला उभा होता आणि समोरचा वेल काळ्या द्राक्षाचा होता. त्यानं शेजारची ओळ पाहिली. पलीकडची पाहिली. मग मान वळवली. बिहीच्या झाडापलीकडे, मधल्या ओळीच्या टोकाशी बाउदिलियो वाकला होता आणि त्याच्या गुडघ्यांपाशी ती फिकी पानं उन्हात हलत होती.

वरून उतरलं की डावं ते उजवं होतं. इतकं सोपं होतं ते. लिफ्टवाल्या माणसाला तर आणखी सोपं. नदीकडून येताना डावी ती आपली, आणि आज तो नदीकडून आला नव्हता. कुणाचीही चूक होईल, तो मनाशी म्हणाला. पण नऊ वर्षं ज्या वेलींना त्यानं एकेक करून हात लावला होता, त्यांच्याऐवजी दुसऱ्या वेली हाताखालून गेल्या आणि हातांना काही कळलं नाही. एक नाही, सत्तावीस वेली. तो बांध ओलांडून म्हाताऱ्यापाशी गेला.

"काका, मी जी ओळ केली ती बाग कुणाची?"

"वेलींना काय कळतंय कुणाची ते," बाउदिलियो मान वर न करता म्हणाला. "फुटवे निघाले म्हणजे झालं."

"काका."

"माझी," बाउदिलियो म्हणाला. पाठ सरळ करायला त्याला वेळ लागला.

सातुरनं विचारलं, मग आल्या आल्या सांगितलं का नाहीत. म्हाताऱ्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. "सवय," तो म्हणाला. आणि मग उभ्या उभ्याच, हातातला फुटवा कुस्करत, त्यानं सांगितलं. होनोरातोनं शेवटचे चार हिवाळे बाउदिलियोची बाग छाटली होती, स्वतःची समजून. छाटणी एक नंबर, एक डोळा इकडचा तिकडं नाही. पहिल्या वर्षी बाउदिलियो त्याला सांगायला म्हणून गेला, पण त्या माणसाचा चेहरा इतका समाधानी होता की याचं तोंडच उघडेना. तो परत फिरला आणि होनोरातोची बाग स्वतः छाटली. चार वर्षं हे असं चाललं. गावात सगळ्यांना माहीत होतं. बिहीच्या झाडाच्या दोन्ही बाजूंना दोघं जण एकमेकांच्या बागा छाटताहेत, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं आणि एकाही माणसानं ब्र काढला नाही. सातुरला फक्त ठाऊक नव्हतं. महिन्यातून एका रविवारी तो यायचा, वडिलांना काही विचारायचा, आणि उत्तर आई द्यायची. बाबा, औषध घेतलं का? घेतलं, आई म्हणायची. बाबा, पीक कसंय? चांगलंय, आई म्हणायची. सातुर चारोला म्हणायचा, आई फार कारभारीण झालीय, बाबांना बोलूच देत नाही. आणि वडील कोपऱ्यात बसून हसायचे, कुणाकडेही न बघता. किती रविवार होते ते?

"तुझी आई रोज संध्याकाळी मला विचारायची, आज कुठल्या बागेत होते," बाउदिलियो म्हणाला. "मी म्हणायचो, तुमच्याच. तिला माहीत होतं मी खोटं बोलतोय. मला वाटायचं, केवढं पुण्य करतोय आपण. मग होनोरातो अंथरुणाला खिळला आणि एक दिवस माझा हात धरून म्हणाला, बाउदिलियो, तुझी बाग छान छाटली ना रे मी? म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते देव जाणे. म्हणाला, चार वर्षं मी कुणाशी खरं बोललोच नाही." म्हाताऱ्यानं कुस्करलेला फुटवा टाकून दिला. "आज तुला तिकडं वाकलेलं बघितलं आणि माझे पाय आपोआप इकडं वळले. गाढव आहे मी."

मग सातुरनं त्याला सिग्नलचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. सांगायला लागलं किती कमी होतं ते, चार वाक्यांत संपलं. पान्याचंही सांगितलं. एका इमारतीत जाऊन तो काय दुरुस्त करायला आलाय हेच आठवेना म्हणून पायऱ्यांवर बसून राहिला होता, ते स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. बाउदिलियोनं धीर दिला नाही की मान हलवली नाही. ऐकून घेतलं, आणि म्हणाला की इथलं उरलेलं मी बघतो, तू चारोला फोन कर.

फोन सुरू झाल्या झाल्या थरथरत राहिला. चारोचे सहा फोन येऊन गेले होते. त्यानं लावला आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"कुणाबरोबर आहेस ते मी विचारत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "वेन्सेस पाववाल्याकडे भेटला. माझ्या बहिणीची तब्येत विचारत होता. कुठं आहेस तेवढं सांग."

"कान्तारोयाला. एकटाच. चारो, मी बाउदिलियोच्या बागेत शिरलो. आपली समजून. अख्खी ओळ केली."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. एरवी ती या गोष्टीवर आठवडाभर हसली असती, मित्रांना सांगितली असती, लेकीला फोन केला असता. आज ती हसली नाही. बांधावर वारा होता, म्हणून त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"हे मार्चपासून चाललंय," तो म्हणाला. "तुला सांगायला हवं होतं."

"मार्च नाही, सातुर," चारो म्हणाली. "जानेवारी."

मग गाडीच्या किल्ल्या उचलल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, दीड तासात पोचते, तिथून हलू नकोस.